डोंगरात काय घालून पळावं

धुळे
४ जानेवारी

ती. मामा आणि मामी यांना साष्टांग नमस्कार.

काल फोन केला तेव्हा मामींनीच उचलला. तुम्ही शेजारीच बसला होतात म्हणे. पण कानाचं यंत्र लावलं की डोक्यात पिठाची गिरणी सुरू होते, म्हणून तुम्ही ते डब्यात घालून ठेवलंय. मोबाइलवरची बारीक अक्षरं तर तुम्हाला नकोच. म्हणजे आता तुमच्याशी बोलायचं ते कागदावरच.

बातमी अशी की फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी चोपड्याच्या वर, सातपुड्यात, पन्नास किलोमीटरची शर्यत आहे आणि मी नाव दिलंय. हसू नका. चाळिशी उलटलेली बाई, कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या सांभाळणारी, पण रोज सकाळी लळिंगच्या रस्त्याने पळते. पाय आता ऐकतात माझं.

पळायची भीती नाही मामा. भीती आहे ती घालायचं काय याची. पहाटे तिथे शेकोटीजवळून हलवत नाही. दुपारी ऊन असं की पाठ भाजून निघावी. वर पठारावर वारा. आणि फेब्रुवारीचं आभाळ तर तुम्हाला माहीतच आहे, उभ्या गव्हावर गारा टाकून मोकळं होतं. जे घालीन ते दिवसभर अंगावर राहणार, जे नेईन ते माझं मीच वाहणार. गेल्या वर्षी तिथे एक धडधाकट माणूस भिजून असा गारठला की त्याला झोळीत घालून खाली आणावं लागलं. त्याच्याजवळ सगळं होतं, फक्त अंगावर घालायला कोरडं काही नव्हतं.

तुम्ही जन्मभर लोकांच्या अंगावर कपडे घातलेत. म्हणून तुम्हाला सांगावंसं वाटलं.

तुमची भाची
दिपमाला


धरणगाव
१३ जानेवारी

चि. सौ. दिपमाला हीस मामाचे भरभरून आशीर्वाद.

तुझं पत्र मी मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. मोठ्याने म्हणजे किती ते मला आता कळत नाही. गल्लीतली माणसं काय झालं म्हणून दारात येऊन उभी राहिली. त्यामुळे तू पळणार आहेस हे आता सगळ्या धरणगावला माहीत आहे.

पन्नास किलोमीटर म्हणजे इथून जळगावला जायचं आणि परत निम्म्यापर्यंत यायचं. मी एसटीत बसूनसुद्धा दमतो.

पण बाई, धरणगावच्या शिंप्याला विचारतेस काय घालू? कापूस घाल! हे कापसाचं गाव. थंडीत ऊब, उन्हात गारवा, आणि घाम टिपून घेतो. रेडिमेडवाल्यांमुळे दुकान बंद झालं तेव्हापासून मशीन चादरीखाली होतं. तुझ्या पत्राने ते उघडलं. तेल दिलं, पट्टा बदलला. मशीनचा आवाज येत नाही मला, पण पायाला कळतो. ठेक्यात चालतंय.

सोबत सदरा पाठवतो आहे. माप तुझ्या लग्नातल्या ब्लाऊजवरून आठवून धरलं, वर दोन बोटं सैल. मामी म्हणाली चार धरा. मी तिचं ऐकलं नाही. तिरपा गळा, खांद्याला जोड नाही, म्हणजे घासणार नाही. हा घाल आणि पळ. कशाची भीती नाही.

मामा
धनसिंग


धुळे
२७ जानेवारी

ती. मामा,

सदरा मिळाला. बसला कसा म्हणून सांगू! दोन बोटंच बरोबर होती, मामींना सांगा. तो घालून कॉलेजात गेले तर आमच्या बाईंनी शिंप्याचा पत्ता मागितला.

आता पुढचं लिहायला पेन जड झालंय, पण तुमच्याशी खोटं बोलून डोंगरावर कशी जाऊ?

रविवारी तो सदरा घालून लांब पळाले. पहिला तासभर छान वाटलं. मग घाम यायला लागला आणि सदऱ्याने तो सगळा पिऊन घेतला. तुम्ही म्हणालात तसंच, टिपून घेतला, पण सोडला नाही. पाठीवर ओली गोधडी बांधल्यासारखं झालं. काखेत घासून सालटी निघाली. परतताना वारा सुटला आणि ओल्या कापडातून तो असा आत शिरला की धुळ्याच्या साध्या थंडीत माझे दात वाजायला लागले. वर डोंगरात काय होईल?

पळणारे लोक एक चोपडं, गुळगुळीत, प्लास्टिकच्या जातीचं कापड घालतात. दिसायला स्वस्त, हाताला निर्जीव. पण ते पाणी धरतच नाही. मी शर्यतीला तेच घालणार आहे.

तुम्ही मशीन उघडलंत, ते माझ्यासाठी. रागावू नका. रागावलात तरी लिहा.

दिपमाला


धरणगाव
१२ फेब्रुवारी

दिपमाला माय,

मी कमलबाई, मामी. मन्हं अक्षर वाकडं शे, समजी ले. तुझ्या मामांना ताप आला होता. घाबरू नको, आता उतरला.

तुझं पत्र आल्यावर त्यांनी ते घडी करून कोटाच्या खिशात ठेवलं. मला काही वाचून दाखवलं नाही. जेवायला बसले की मधेच हात थांबायचा. मला वाटलं, पोरीने काही वाईट बातमी कळवली.

मग एका पहाटे उठून बघते तर खाटेवर माणूस नाही. गच्चीवर गेले. बठ्ठी गल्ली गाढ झोपेल, आणि हे बाबा बादलीत बुचकळलेला सदरा अंगात घालून वाऱ्यात येरझारा घालतायत! मी म्हनं, "येडा व्हई गयात का तुम्ही?" ऐकू तर येत नाही, पण माझं तोंड बघून समजले. म्हणतात कसे, "पोर म्हनस ते खरं शे का, पाही र्‍हायनू."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोराकडून ते चोपडं बनियन मागून आणलं, तेही भिजवून घातलं. तिसऱ्या दिवशी ताप. डॉक्टरांनी विचारलं कशामुळे, तर मी काय सांगणार?

आता उठून बसलेत आणि बाजारात जाऊन छत्री दुरुस्त करणाऱ्याचं डोकं खातायत. का, ते तेच लिहितील.

मामी


धरणगाव
१५ फेब्रुवारी

चि. दिपमाला,

तू म्हणालीस तेच खरं.

मी रागावलो नव्हतो. मला ते खरंच वाटत नव्हतं. जे कापड मी आयुष्यभर हातात धरलं, ते माणसाला गारठवतं हे कसं खरं वाटावं? म्हणून गच्चीवर गेलो. ओला कापूस अंगावर जड झाला, आणि वाऱ्याने अंगातली ऊब अशी ओढून नेली जशी कोणी पांघरूण ओढावं. मग ते दुसरं घातलं. पिळलं, झटकलं, आणि दोन चकरांत ते जवळजवळ वाळलं! दिपमाला, मी गच्चीवर उभा राहून ते कापड उजेडाकडे धरून बघत राहिलो. त्यात जीव नाही असं तू म्हणतेस, मलाही तसंच वाटायचं. पण कोणीतरी बसून, विचार करून, पाण्याला थाराच नको असं सूत काढलं असेल. केवढी अक्कल लागली असेल! मी शिंपी, आणि मला याचा पत्ताच नव्हता.

आता मुद्द्याचं. घाम सोडणारं कापड तू आत घालशील. पण वरून पाऊस आला तर? ते पाणी धरत नाही, पण अडवतही नाही. म्हणून छत्रीचं कापड घेतलं. काळं, हलकं. त्याचं जॅकेट शिवून सोबत पाठवलंय. डोक्याला टोपी जोडूनच आहे. काखेत जाळी ठेवली, नाहीतर आतल्या आत उकडशील. पाठीला एक खिसा आहे, त्यातच सगळं जॅकेट उलटून घडी होतं. आंब्याएवढं होईल. कमरेला बांध.

शर्यतीच्या दिवशी आम्ही दोघं येतो आहोत. चोपड्यापर्यंत एसटी आहे, पुढे कोणीतरी नेईल.

मामा


धुळे
२० फेब्रुवारी

ती. मामा,

जॅकेट घालून मोरीत उभी राहिले आणि मुलीला डोक्यावर बादली ओतायला सांगितली. आत थेंब नाही. ती म्हणाली, आजोबांना सांग, मलाही एक.

पण आता गंमत ऐका. हवामानाचा अंदाज आलाय, रविवारी आभाळ निरभ्र, कडक ऊन. आमच्या गटातले सगळे म्हणतात, बाही नसलेलं बनियन घाल आणि बाकी सगळं घरी ठेव. पन्नास किलोमीटरमध्ये आंबासुद्धा फणस होतो. माझं मन रोज बदलतंय. सकाळी वाटतं न्यावं, संध्याकाळी वाटतं नको. शेवटी आत चोपडा सदरा आणि लांब विजार, एवढं ठरलं. जॅकेटचं शेकोटीपाशी ठरवीन.

तुम्ही येताय हे वाचून मात्र पाय आपोआप हलके झाले. शर्यत संपते तिथल्या कमानीजवळ थांबा, तिथे सावली असेल.

दिपमाला


धरणगाव
२६ फेब्रुवारी

चि. दिपमाला,

बरी आहेस ना? परवा तू माझे दोन्ही हात धरून कितीतरी वेळ बोलत होतीस, रडत होतीस, हसत होतीस. मी मान हलवत होतो. मला एक अक्षर ऐकू आलं नाही बाई. मामी लिहून सांगते, पण तिचं सांगणं एका पाटीवर मावेल एवढंच. तू मला सगळं लिही.

आधी मी काय पाहिलं ते सांगतो.

दुपारपर्यंत कमानीजवळ आम्ही उन्हात शिजत होतो. मामीने पदर ओला करून डोक्यावर घेतला होता. मग लोक एकदम डोंगराकडे वळून बघायला लागले. मी वळलो. उत्तरेकडून आभाळ खाली उतरत होतं. काळं नाही, जांभळं. पळसाची फुलं त्या अंधारात निखाऱ्यासारखी दिसायला लागली. पक्षी सगळे एका बाजूला उडाले. वीज चमकली, आणि दिपमाला, माझ्या छातीत धप्प झालं. मला वाटलं काळजाचंच काही झालं. परत वीज, परत धप्प. तेव्हा समजलं की हा गडगडाट. तीन वर्षांनी मला आवाज आला, कानातून नाही, बरगड्यांतून. मी भर माणसांत उभा राहून छातीवर हात ठेवून तो ऐकत होतो. आणि पुढच्या क्षणी मनात आलं की तू वर आहेस.

मग गारा. आमच्याकडे थोड्याच पडल्या, पण डोंगराचा माथा बघता बघता पांढरा झाला. खानदेशात! मामी हात जोडून उभी होती. आयोजकांची पोरं इकडून तिकडे धावत होती. वरच्या रस्त्यावर झाड पडलंय, गाडी जात नाही, एवढं मला त्यांच्या हातवाऱ्यांवरून कळलं. किती वेळ गेला कोण जाणे.

आणि मग बैलगाडीच्या वाटेने तुम्ही लोक उतरायला लागलात.

मला आधी कळेचना कोण येतंय. लग्नाचं वऱ्हाड की काय? पुढे एक दाढीवाला उंच माणूस, त्याने लाल काठाचं लुगडं लुंगीसारखं गुंडाळलेलं. त्याच्यामागे एक पोरगी, अंगावर युरियाच्या गोणीची खोळ. एकाच्या खांद्यावर घोंगडी, एकाच्या गळ्याभोवती नवरदेवाचा जरीचा फेटा. एक बाई दोन परकरांत, एक नेसलेला, एक खांद्यावर घेतलेला. आणि तू, हिरव्या लुगड्यात डोक्यापासून गुडघ्यापर्यंत. एकाचंही माप जुळत नव्हतं. आणि इतकी नीट कपडे घातलेली माणसं मी जन्मात पाहिली नाहीत.

माझे डोळे भरले ते तुला पाहून, पण नुसते तुला पाहून नाही.

जॅकेट तुझ्या अंगावर नव्हतं. नेलं नव्हतंस का? नसेल नेलंस तरी चालेल. फक्त सांग.

मामा


धुळे
४ मार्च

ती. मामा,

नेलं होतं. शेकोटीपाशी ठरवायचं होतं, पण तिथे थंडीने बोटं इतकी बधिर झाली होती की कमरेची गाठ सोडवताच आली नाही, म्हणून ते राहिलं. यात माझी हुशारी काही नाही.

दुपारी घाट चढताना मात्र त्याचा राग आला. ऊन डोक्यातून पायापर्यंत जात होतं. नाशिकचे भूपेंद्र म्हणून एक जण, फार सुंदर पळतात, बाही नसलेलं बनियन आणि हातात फक्त पाण्याची बाटली, माझ्याजवळून जाताना हसून म्हणाले, "ताई, एवढं बांधून कुठे प्रवासाला निघालात?" मला वाटलं, एखाद्या पळसाला टांगून द्यावं हे गाठोडं.

पठारावर पोचले आणि वारा थांबला. एकदम. झाडाचं पान हलेना. मग जांभळं आभाळ, तुम्ही लिहिलंत तेच, पण मामा, मी त्याच्या आत होते. पहिली गार समोरच्या दगडावर पडून फुटली. मी खाली बसून जॅकेट चढवलं आणि टोपी ओढते न ओढते तोच सुरू झालं. बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. जमीन उकळल्यासारखी उड्या मारत होती. थोड्या वेळापूर्वी ज्या मातीवर पाय भाजत होता, तिथे घोट्यापर्यंत बर्फ. मी घाबरले होते, खूप घाबरले होते, तरी माझ्या तोंडून "अरे बापरे, काय हे!" असं बाहेर पडलं ते भीतीने नाही. इतकं पांढरं मी कधी पाहिलं नव्हतं. आपला खानदेश होता तो, आणि तो मला ओळखू येत नव्हता.

पुढे एका पळसाखाली भूपेंद्र बसलेले दिसले. ओठ निळे. मी म्हटलं, चला. ते म्हणाले, "मी घरीच आहे, तुम्ही बसा ना." आणि बुटाची नाडी सोडायला लागले. बोटं हलत नव्हती. तेव्हा मला समजलं की हा माणूस इथे बसला तर उठणार नाही. जॅकेट त्यांना होणारं नव्हतं. मी काखेत हात घालून त्यांना उभं केलं आणि आम्ही दोघं एका टोपीखाली डोकं घालून चालायला लागलो. कुठे, ते माहीत नव्हतं.

तेवढ्यात टण्टण् असा आवाज आला. कोणी तरी लोखंडी घमेलं डोक्यावर पालथं धरून आमच्याकडे येत होतं आणि त्यावर गारा वाजत होत्या. तो वेस्ता. उंबरपाड्यात राहतो. त्याने काही विचारलं नाही. भूपेंद्रचा दुसरा हात धरला आणि आम्हाला घरात नेलं. त्याच्या बायकोने, मोगराबाईने, चुलीत अख्खं लाकूड सारलं, आमची ओली कापडं उतरवायला लावली. आम्ही कोण, कुठले, एक शब्द नाही.

वेस्ता परत निघाला. उघड्या अंगाला गारांनी लाल फोड आले होते. त्याने माझ्या जॅकेटकडे बघितलं. मी ते काढून दिलं. बाह्या त्याच्या कोपरापर्यंतच आल्या, मामा, शिवण काखेत उसवली. ते घालून, वर घमेलं धरून तो गेला. आणि मग घरात बसून आम्ही तो आवाज ऐकत राहिलो. टण्टण् लांब जायचं, नाहीसं व्हायचं. मग पुन्हा लांबून टण्टण्, आणि दारात वेस्ता, सोबत आणखी एक जण. पुन्हा बाहेर. त्याच्याबरोबर पाड्यातले दुसरेही निघाले, कोणी पत्रा धरून, कोणी खाट उलटी करून. घर भरलं, मग शेजारचं, मग त्याच्या शेजारचं. बायका भिंतीवरचं, दोरीवरचं, पेटीतलं, जे हाताला लागेल ते आणून आमच्या अंगावर टाकत होत्या. आम्ही महिनोन्महिने विचार करून निवडलेले कपडे कोपऱ्यात पाणी गाळत पडले होते.

भूपेंद्र चहा पिऊन रडले, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं.

वर गेलेला प्रत्येक माणूस खाली आला. जॅकेट वेस्ताकडेच राहिलं. खांद्यावर त्याची चाळण झाली आहे.

दिपमाला


धरणगाव
११ मार्च

चि. दिपमाला,

पत्र मामीला वाचून दाखवलं. या वेळी गल्लीतली माणसं दारात आली ती आत येऊन बसली.

सोबतचं जॅकेट वेस्ताला दे. बाह्या लांब केल्या आहेत, खांद्याला दुहेरी कापड. माप तुझ्या लिहिण्यावरून धरलंय, चुकलं तर कळव. आणि ते हिरवं लुगडं टपालाने पाठवू नकोस. स्वतः घेऊन जा.

मामा


धुळे
२४ मार्च

ती. मामा,

काल जाऊन आले. जॅकेट वेस्ताला बरोबर बसलं. उन्हाने जीव जात होता, तरी त्याने ते काढलं नाही.

लुगडं धुऊन, इस्त्री करून नेलं होतं. मोगराबाईच्या हातात दिलं तर तिने उलगडून बघितलं आणि म्हणाली, हे माझं नाही. मग कोणाचं? तिलाही माहीत नव्हतं. त्या दिवशी कोणी कोणाच्या घरातून काय उचललं हे कोणी पाहिलंच नव्हतं. आम्ही दोघी दारोदार फिरलो. शेवटच्या घरात भिकुबाई म्हणून एक साठीची बाई लसूण निवडत होती. तिने लुगडं पाहिलं आणि हसली.

बाजारात बोलण्यापुरती अहिराणी तिला येते. त्या दिवशी ती शेळ्या घेऊन पलीकडच्या उतारावर होती. तिथेच गारांत सापडली. शेळ्यांना कपारीत घालून, स्वतः मार खाऊन, भिजून घरी आली तर दोरी रिकामी. पेटी उघडी. घरात अंगावर घ्यायला एक चिंधीही नव्हती. मी विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?" म्हणाली, गोणपाट गुंडाळून चुलीजवळ बसले. शेजारून माणसांचा आवाज येत होता, बोलतायत म्हणजे जिवंत आहेत. बरं वाटलं.

"कोणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू?" ती म्हणाली. तिला खरंच प्रश्न कळला नव्हता.

मामा, आम्ही तीस-चाळीस पावलांवर, शेजारच्या घरात होतो. तिच्या लुगड्यात मी ऊब घेत होते, आणि ती ओली, गोणपाटात.

तिनेच विचारलं, "तुन्ही शर्यत पुरी व्हयनी का?" मी म्हटलं, नाही, शेवटची वाट राहिली, आम्हाला बैलगाडीच्या रस्त्याने उतरवलं. ती उठली, लसणाची पाटी बाजूला सारली, हिरवं लुगडं खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "चाल, वाट दखाडस तुले." ती वाट म्हणजे तिची बाजाराची वाट.

आम्ही डोंगराच्या धारेवरून निघालो. उतारावर मी पळाले, ती मागून चालत आली, पुढच्या वळणावर मी थांबायची, पुन्हा दोघी. तिचं बोलणं अखंड चालू होतं, निम्मं मला कळत नव्हतं. पळसाची फुलं संपली होती. खाली पोचलो तर कमान नाही, माणसं नाहीत, फक्त तिचे बांबू रोवले होते ते दोन खड्डे. मी म्हटलं, इथे संपली.

भिकुबाई खड्ड्यांच्या मधे उभी राहिली आणि मागे वळली. वर सगळा सातपुडा उभा होता. तिने कपाळावर हात आडवा धरला. मग हळूच म्हणाली,

"कितला मोठा शे व!"

मी म्हटलं, "भिकुबाई, तुम्ही तर दर बाजारी इथून येता."

"येस ना. पन उतरताना डोक्यावर भारा, चढताना डोक्यावर बाजार. मान कव्हा वळावू?"

काल तिच्या डोक्यावर काही नव्हतं. मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले, आणि आम्ही दोघी डोंगर बघत राहिलो.

तुमची
दिपमाला